बिस्किटचा तंग

लॉस्ट फोर्कच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आर्डिथ टोलिव्हरनं सत्तावीस वर्षं काढली. तिला नावानं हाक मारणारी माणसं गावात थोडी. बाकी सगळ्यांची ती ‘सेंट्रल’. फोन उचलायचा आणि म्हणायचं, ‘सेंट्रल, डॉक्टर दे,’ किंवा ‘सेंट्रल, आमची ही कुणाकडे बसलीय बघ जरा.’ आणि ‘ही’ कुणाकडे बसली आहे ते सेंट्रलला खरोखर ठाऊक असायचं.

एकोणीसशे एकोणसाठच्या मार्चमध्ये घरोघर तबकडीचे फोन आले. गावानं आपापली बोटं तबकडीत घातली आणि आर्डिथची दहा बोटं एका दिवसात रिकामी झाली. कंपनीनं पेन्शन दिलं, केक कापला आणि भिंतीवरचं एक घड्याळ हातात ठेवलं. बावन्न वर्षांची, एकटी, धडधाकट बाई. विणकाम येत होतं, पण त्यात तिचा जीव रमत नसे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिच्या पर्सचा पट्टा तुटला, तेव्हा घराबाहेर पडायला निमित्त मिळालं म्हणून तिला बरंच वाटलं.

हॅल्व्हर नेसचं खोगिरांचं दुकान बँकेच्या मागच्या गल्लीत होतं. हॅल्व्हर सत्तरीचा, वाकलेला, तोंडानं तुसडा. पण त्याच्या खोगिरासाठी माणसं दीड-दीड वर्ष थांबत.

“हे शिवायला मला दहा मिनिटं लागतील, सेंट्रल,” पट्ट्याकडे नुसतं बघून तो म्हणाला. “पण ती दहा मिनिटं जूनपर्यंत माझ्याजवळ नाहीत.”

“मग जूनपर्यंत मी पर्स डोक्यावर घेऊन हिंडू का?”

हॅल्व्हरनं खालच्या पेटीत हात घातला. एक जुनी आरी, दोन सुया, मेणाचा गोळा, दोऱ्याचं रीळ आणि मूठभर कातड्याचे तुकडे त्यानं तिच्यापुढे टाकले.

“घरी करा. सुया दोन, दोरा एक. एक सुई इकडून, एक तिकडून, दोन्ही एकाच भोकातून. बाकीचं हाताला कळतं.”

“आणि नाही कळलं तर?”

“तर पुन्हा तुटेल. त्यानं माणूस मरत नाही.”

पट्टा पुन्हा तुटला. पोस्टाच्या पायरीवर तुटला आणि चष्मा, रुमाल, पत्रं, आले-लिंबाच्या गोळ्या असं सगळं चार माणसांदेखत रस्त्यावर लोळलं. आर्डिथनं ते गोळा केलं, घरी आली आणि खिडकीशी बसून पट्टा नीट पाहिला. भोकं फार मोठी पडली होती आणि कडेच्या अगदी जवळ. दोऱ्यानं कातडं चिरत नेलं होतं. तिनं नवा तुकडा घेतला, भोकं बारीक पाडली, कडेपासून आत घेतली. दुसऱ्यांदा टाके तिरके गेले. तिसऱ्यांदा पट्टा बसला तो बसलाच.

त्या संध्याकाळी तिनं चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

मग तिला चटकच लागली. हॅल्व्हरच्या दुकानात ती आठवड्यातून दोनदा जायची, तुकडे विकत आणायची आणि नासवायची. चष्म्याचं घर केलं. चष्मा आत गेला, बाहेर येईना. कातड्याला जाडी असते आणि घडी घातली की बाहेरचा भाग आतल्यापेक्षा लांब घ्यावा लागतो, हे त्या चष्म्यानं तिला शिकवलं. गुलाब कोरायला घेतला तो कातडं फार ओलं असताना. ठसा मारला की भोवतीचं पाणी वर यायचं आणि पाकळी पसरून बसायची.

तिचा भाऊ डेल्मर रविवारी जेवायला आला तेव्हा तो तुकडा टेबलावरच पडला होता.

“हे काय, आर्डी? कोबी?”

“गुलाब आहे.”

“सांगितलंस ते बरं झालं. मी मीठ मागणार होतो.”

“तू तुझा बटाटा खा,” आर्डिथ म्हणाली. तिला राग आला नव्हता. आतून उलट गुदगुल्याच झाल्या होत्या. कितीतरी महिन्यांनी डेल्मर चेष्टा करत होता.

एक्स्चेंजमध्ये नव्या मुली यायच्या. चुकीच्या भोकात तार गेली तर जग बुडेल असं त्यांना वाटायचं. आर्डिथ त्यांना सांगायची, ‘चुकली तर उपट, बरोबर भोकात घाल. पलीकडचा माणूस थांबतो.’ स्वतःलाही तिनं वेगळं काही सांगितलं नाही. कामं बिघडत होती, पण दरवेळी वेगळ्या ठिकाणी बिघडत होती, आणि याचा अर्थ आपण पुढे जात आहोत असा तिनं सरळ लावून टाकला.

शेजारच्या मेजर नावाच्या कुत्र्याला तिनं गळ्याचा पट्टा केला. दिसायला देखणा झाला. तीन आठवड्यांत तो इतका लांबला की मेजर त्यातून डोकं काढून निघून गेला आणि पट्टा खुंटीला बांधलेला राहिला. तो घेऊन ती हॅल्व्हरकडे गेली.

हॅल्व्हरनं पट्टा दोन बोटांत धरून ओढला आणि हसला. तो हसतो हे तिला तेव्हाच कळलं.

“कुठून कापलात हा?”

“तुम्ही दिलेल्या मोठ्या तुकड्यातून.”

“त्या तुकड्याच्या कुठल्या बाजूनं? ही पोटाची बाजू. जनावर जन्मभर खातं, पोट ताणतं आणि सैल होतं. मेल्यावर त्याची खोड जाईल होय? पट्टा कापायचा तो पाठीतून, मानेकडून शेपटीकडे, लांबीनं. हात लावून बघा.”

तिनं हात लावला. पाठीकडचं कातडं घट्ट होतं. वाकवलं तर बारीक सुरकुती पडायची आणि सोडलं की नाहीशी व्हायची. पोटाकडचं ढिलं, दमल्यासारखं. डोळे मिटूनही फरक सांगता आला असता.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगून हाताला कळतं का?”

डेल्मरची गोष्ट आता सांगायला हवी. आर्डिथपेक्षा तो चार वर्षांनी लहान. गावापासून नऊ मैलांवर, बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी वडिलांचं रँच होतं, ते तो आणि त्याची बायको लिओटा चालवत. आदल्या वर्षी सप्टेंबरात गवताचे गठ्ठे बांधायच्या यंत्रात अडकलेली दोरी सोडवताना त्याचा डावा हात गेला. मनगटापासून. हॉस्पिटलनं पोलादी हूक दिला होता, तो त्यानं एकदा लावून पाहिला आणि खणात टाकला. एका हातानं ट्रॅक्टर चालवायला तो दोन महिन्यांत शिकला, लाकडं फोडायला तीन महिन्यांत. फक्त घोडा राहिला.

बसता येत होतं. लगाम उजव्या हातात धरता येत होता. खोगीरही तो एका हातानं उचलून पाठीवर टाकायचा. अडलं होतं तंगाशी, म्हणजे खोगीर जागेवर राहावं म्हणून घोड्याच्या पोटाखालून आवळतात त्या रुंद पट्ट्याशी. खोगिराला दोन्ही बाजूंना एकेक कडी. उजव्या कडीला आखूड पट्टा आणि त्याला तंग कायमचा लटकलेला. माणूस डावीकडे उभा राहतो, पोटाखालून तो लोंबता तंग ओढून घेतो आणि डाव्या कडीच्या लांब पट्ट्याचे दोन फेरे देऊन आवळतो. एका हातानं तंग धरायचा, दुसऱ्यानं पट्टा ओवायचा. डेल्मरजवळ दुसरा नव्हता.

लिओटानं एकदा “मी आवळते ना, त्यात काय,” म्हटलं होतं. डेल्मर तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. त्या भागात माणूस आजारी असेल, म्हातारा असेल, पण स्वतःच्या घोड्याला खोगीर स्वतःच घालतो. ते दुसऱ्यानं घालून द्यायचं वय सातव्या वर्षी संपतं.

त्याच्या घोड्याचं नाव बिस्किट. बदामी रंगाचा, काळ्या आयाळीचा. डेल्मरचा हात गेल्यापासून तो कुरणात नुसता उभा होता.

जूनमधल्या एका रविवारी रँचवर जेवण झाल्यावर डेल्मर खिडकीबाहेर, शेजाऱ्याच्या रँचकडे बघत म्हणाला, “वेन्डल प्रूइटनं बिस्किटला मागितलंय.”

लिओटा भांडी घासत होती, तिचे हात थांबले.

“तू काय म्हणालास?” आर्डिथनं विचारलं.

“म्हणालो, ने. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी येईल ट्रेलर घेऊन. रविवारी सगळे डोंगरावरची गुरं उतरवायला वर जातात, त्याला घोडा हवाच आहे.”

“आणि तू?”

“मी गेल्या वर्षी कुठे गेलो होतो? गुरं आली ना खाली?” तो उठला. “कामाचा घोडा असा उभा ठेवणं पाप आहे, आर्डी. विषय संपला.”

आर्डिथला डेल्मर चांगला ठाऊक होता. बिस्किट गेला तर डेल्मर पुन्हा घोड्यावर बसणार नाही. मग डोंगरावर जाणार नाही, मग शेजाऱ्यांत बसणार नाही आणि हळूहळू ट्रॅक्टर आणि खिडकी एवढंच उरेल. शनिवार सव्वीस सप्टेंबर. तिनं घरी जाऊन कॅलेंडरवर खूण केली नाही. खूण करायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ती हॅल्व्हरच्या दारात उभी होती.

“तंगाचा पट्टा करायचाय. एका हातानं आवळता येईल असा.”

हॅल्व्हर तिच्याकडे बघत राहिला. “तीन महिन्यांपूर्वी तुमच्या पर्सचा पट्टा पोस्टाच्या पायरीवर तुटला होता.”

“दोन महिन्यांपूर्वी. आणि पुन्हा नाही तुटला.”

“पर्स पाठीवर माणूस घेऊन डोंगर उतरत नाही, सेंट्रल.”

“म्हणून तर पाठीचं कातडं मागतेय. पोटाचं नको.”

त्यानं आतून अख्खी गुंडाळी आणली.

पहिला पट्टा जुलैत झाला. तिनं त्याला तेल पाजलं. एका हातासाठी मऊ हवा म्हणून जरा जास्तच पाजलं. पट्टा काळा पडला, शेवयांसारखा लोंबू लागला, आणि तंगाच्या टोकाला असलेल्या बकलाचा काटा त्याच्या भोकात घुसला की भोकच रुंदावायचं. दुसऱ्याला तेल बेतानं, पण भोकं दोन-दोन बोटांवर पाडलेली. एका भोकावर खोगीर घसरायचं, पुढच्या भोकावर घोड्याला श्वास घेता आला नसता. तिसऱ्याला तिनं भोकं जवळजवळ पाडली, एक वर एक खाली अशी, आणि वरच्या बाजूला आखूड जोडपट्टी शिवून तिला पितळी आकडा लावला. तंग पोटाखालून ओढायचा, आकड्यात अडकवायचा, म्हणजे तो आपला आपण लटकून राहील. मग त्याच हातानं पट्टा ओवायचा आणि खाली ओढायचा. फेऱ्यांमुळे पट्टा मागे सरकत नाही आणि बकलाचा काटा आपोआप भोकात बसतो.

मागच्या ओसरीत लाकडं कापताना ओंडका ठेवायचा लाकडी घोडा होता. त्यावर तिनं हॅल्व्हरकडून आणलेलं मोडकं खोगीर ठेवलं, स्वतःचा डावा हात एप्रनच्या नाडीनं पाठीशी बांधला आणि ऑगस्टभर सराव केला. पहिल्यांदा चार मिनिटं लागली. शेवटी शेवटी चाळीस सेकंद. कंपनीनं दिलेलं घड्याळ पहिल्यांदा उपयोगी पडलं.

तिकडच्या कामगार दिनाच्या सोमवारी, सप्टेंबरच्या सातला, ती पट्टा घेऊन रँचवर गेली. डेल्मरनं तो हातात घेतला, टाके पाहिले, अंगठा फिरवला.

“हे तू शिवलंस?”

“नाही, मेजरनं.”

त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. तिघंही तबेल्यात गेली. तिनं पट्टा खोगिराच्या डाव्या कडीत अडकवला आणि कसं करायचं ते सांगितलं. डेल्मरनं खोगीर टाकलं, डावीकडे खांद्यापाशी उभा राहिला, वाकला, हात घातला. तंग हाताला लागेना. लागला तेव्हा आकड्यापर्यंत पोचेना. तो वळला, गाल घोड्याच्या बरगडीला टेकवून पुन्हा वाकला. बिस्किट अस्वस्थ झाला, एक पाऊल बाजूला सरला, आणि तंग सुटून खाली लोंबला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा आकड्यात गेला, पण डेल्मर सरळ होईपर्यंत बिस्किटनं मान वळवून त्याची टोपी पाडली.

डेल्मरनं टोपी उचलली, झटकली.

“पट्टा छान आहे, आर्डी,” तो सावकाश म्हणाला. “खरंच छान आहे. वेन्डलला खोगिरासकट देतो.”

तो निघून गेला. लिओटानं एप्रननं डोळे पुसले. आर्डिथ मात्र तिथंच उभी राहिली, बिस्किटकडे बघत.

“चल घरात,” लिओटा म्हणाली. “रडून घेऊ आणि कॉफी पिऊ.”

“तू रड, मला विचार करू दे. ओसरीत चाळीस सेकंदांत होत होतं, लिओटा. कातडं तेच, आकडा तोच. मग इथं काय वेगळं आहे?”

“इथं घोडा खरा आहे.”

आर्डिथनं तिच्याकडे झटकन पाहिलं. मग तिनं स्वतःचा डावा हात पाठीमागे धरला आणि बिस्किटच्या डाव्या बाजूला गेली. ओसरीत उभी राहायची तशी उभी राहिली. तोंड घोड्याच्या डोक्याकडे, उजवा हात घोड्याच्या बाजूला.

“अगं, अगं!” लिओटा ओरडली. “अशी काय उभी राहतेस? मागचे पाय पाठीशी घेऊन? लाथ घालेल ना!”

“बरोबर,” आर्डिथ म्हणाली. “लाकडाचा घोडा लाथ घालत नाही. मी अख्खा महिना चुकीच्या दिशेला तोंड करून उभी होते.”

घोड्याजवळ माणूस उभा राहतो तो खांद्यापाशी, शेपटीकडे तोंड करून, म्हणजे मागचे पाय डोळ्यांसमोर राहतात. डावीकडे तसं उभं राहिलं की घोड्याला लागून येतो तो डावा हात. डेल्मरचा नसलेला. उजवा हात घोड्यापासून लांब, बाहेर. म्हणून त्याला अंग पिळावं लागत होतं. पट्ट्यात काही वाईट नव्हतं. ती चालत घोड्याला वळसा घालून उजवीकडे गेली आणि शेपटीकडे तोंड करून उभी राहिली. उजवा हात आपसूक बरगडीपाशी आला.

बिस्किटनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या बारा वर्षांच्या आयुष्यात त्या बाजूनं कामाला कुणी आलं नव्हतं.

“आर्डिथ,” लिओटा हळूच म्हणाली, जणू कुणी ऐकेल, “उजवीकडून?”

त्या भागात उजवीकडून घोड्याला हात घालायचा नसतो. का, ते कुणी सांगत नाही. बापानं डावीकडून घातला, त्याच्या बापानं डावीकडून घातला. लहान मूल चुकून उजवीकडे गेलं तर त्याचा दंड धरून वळसा घालायला लावतात. आर्डिथचाही धरला होता.

परत येताना ती थेट हॅल्व्हरकडे गेली. सुट्टीचा दिवस होता, तरी आत दिवा होता.

“लांब पट्टा उजवीकडे आणि आखूड डावीकडे,” तिचं ऐकून हॅल्व्हरनं चष्मा काढला. “लोक म्हणतील, हॅल्व्हर म्हातारा झाला, पट्टे उलटे लावायला लागला.”

“सेंट्रलनं लावले म्हणून सांगा.”

त्यानं चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. “आकडाही फिरवावा लागेल. तोंड पुढे हवं. आणि जोडपट्टीला टाक्यांच्या दोन रांगा घाला. तो तिथंच हिसका देणार.” मग दाराशी आल्यावर म्हणाला, “पन्नास वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. कुणाला सांगू नका.”

चार दिवसांत नवा पट्टा झाला. शुक्रवारी ती रँचवर गेली तेव्हा डेल्मर तबेल्याच्या दारात खिळे ठोकत होता. पायानं फळी धरून, तोंडात खिळे.

“उजवीकडून कर,” ती म्हणाली आणि कारण सांगितलं.

त्यानं खिळे तोंडातून काढले. “आणि वेन्डल बघेल तेव्हा?”

“तेव्हा वेन्डल हसेल.”

“तुला मजा वाटतेय.”

“मला काय वाटायचंय? हसू दे. तू जन्मभर वेन्डलला हसतोस, त्याला एकदा तरी मिळू दे की.”

“बिस्किट ऐकणार नाही. वय झालंय त्याचं.”

“वय माझंही झालंय. मी शिकले.”

“बाबा असते तर—”

“बाबा असते तर त्यांनी तुला शिव्या घातल्या असत्या, आणि त्या घोडा देतोयस म्हणून घातल्या असत्या.” आर्डिथ आत गेली, खोगिराचे दोन्ही पट्टे सोडले, अदलाबदल करून घट्ट बसवले, आणि बाहेर आली. “लावलाय. नको असेल तर काढून टाक. काढायलाही एक हात पुरतो.”

नंतर दोन आठवडे डेल्मरचा फोन आला नाही. आर्डिथनंही केला नाही. लिओटाला मात्र विचारलं.

“मला काही दाखवत नाही,” लिओटा म्हणाली. “सकाळी तबेल्यात जातो आणि दार लावून घेतो. आतून शिव्या ऐकू येतात.”

“घोड्याला?”

“घोड्याला, तुला, तंगाला. काल गाणं ऐकू आलं. मी मुद्दाम गेले नाही बघायला.”

सव्वीस तारखेला आर्डिथ आठ वाजताच जाऊन बसली. वेन्डल प्रूइट नऊला ट्रेलर घेऊन आला. लठ्ठ, लालबुंद, मनानं वाईट नव्हे, पण जिभेला हाड नाही असा माणूस. तो कुंपणाला रेलला. डेल्मरनं तबेल्यातून बिस्किटला बाहेर आणलं. पाठीवर नुसती घोंगडी.

“चल, डेल्मर, चढवू या ट्रेलरवर. मला अजून नाल मारायचेत.”

“थांब जरा,” डेल्मर म्हणाला.

त्यानं खोगीर आणून उजवीकडून पाठीवर टाकलं. वेन्डलच्या भुवया वर गेल्या.

“अरे, हात गेला ठाऊक होतं. डोळेही गेले? ती उजवी बाजू आहे!”

“ठाऊक आहे.”

“उजवीकडून तर माझी सासूपण घोड्यावर बसत नाही!”

“तुझ्या सासूला कुठल्याच बाजूनं घोडा घेत नाही, वेन्डल.”

लिओटा फिस्सकन हसली. आर्डिथ हसली नाही. ती आकड्याकडे बघत होती. डेल्मर खांद्यापाशी उभा राहिला, वाकला, उजवा हात पोटाखाली गेला आणि तंग घेऊन आला. आकड्यात टाकला. टक्‌ असा बारीक आवाज झाला. पट्टा ओवला, एक फेरा, दुसरा फेरा, खाली खेचला. बिस्किटनं कान मागे केले, तंग सैल राहावा म्हणून फुगवलेलं पोट सोडलं. डेल्मरनं तेवढ्यात पट्टा आणखी दोन भोकं खेचला आणि काटा बसवला. आर्डिथनं मनात मोजलं. पंचेचाळीस सेकंद. पण ओसरीतल्या घोड्याला पोट फुगवता येत नव्हतं, हेही तिनं मनात धरलं.

मग लगाम आणि खोगिराची मूठ एकाच मुठीत धरून त्यानं उजवा पाय रिकिबीत घातला आणि डावा वरून टाकला. बिस्किट एक पाऊल हलला आणि थांबला.

 वेन्डलनं टोपी मागे सारली.

“म्हणजे मी रिकामा ट्रेलर घेऊन जाऊ म्हणतोस?”

“मी काहीच म्हटलं नाही,” डेल्मर म्हणाला. “तूच म्हणालास.”

“आणि उद्या मी कशावर बसू?”

“तुझ्या त्या लंगड्या घोडीवर. माझ्या मागून ये, गुरं मी वळवतो.”

वेन्डल गडगडून हसला, पुढे आला आणि बिस्किटच्या उजव्या बाजूनं वाकून पट्टा न्याहाळू लागला. “हे हॅल्व्हरचं काम?”

“नाही,” डेल्मर म्हणाला. “आर्डीचं.”

“सेंट्रलचं?” वेन्डलनं वळून तिच्याकडे पाहिलं. “माझ्या लगामाचं एक टोक—”

“पुढच्या आठवड्यात आणून दे,” आर्डिथ म्हणाली. “या आठवड्यात मला सवड नाही.”

चार दिवस पुरुष डोंगरावर होते. बुधवारी दुपारी गुरं रस्त्यानं खाली आली, धूळ उडवत, हंबरत. गुरुवारी सकाळी डेल्मर ट्रक घेऊन आर्डिथच्या दारात आला. दाढी वाढलेली, ओठ उन्हानं फुटलेले. त्यानं पट्टा तिच्या कामाच्या टेबलावर ठेवला आणि समोर बसला.

“जोडपट्टी लांब झालीय,” तो म्हणाला. “आकडा फार खाली येतो. उतारावर बिस्किटच्या पुढच्या पायाच्या कोपराला घासतो. इथले केस गेलेत त्याचे. आणि पाऊस लागल्यावर ही भोकं आवळली, काटा लवकर बसेना. काल गोठलेल्या बोटांनी मला किती वेळ लागला ठाऊक आहे?”

“किती?”

“पुष्कळ. वेन्डलनं दोन सिगारेटी ओढल्या.”

आर्डिथनं पट्टा उलटापालटा केला. टाके जागच्या जागी होते. आकड्याजवळ कातडं चकाकत होतं, तिथं तो खरंच घासला होता.

“दोन बोटं वर घेते,” ती म्हणाली. “आणि भोकं लांबट पाडते. कोपराचं माप नीट हवं, तू सांगतोस त्यावर नको. बिस्किट कुठे आहे?”

“घरी. खातोय.”

“मग ऊठ.” तिनं मोजपट्टी आणि खडू पर्समध्ये टाकला. “आणि वाटेत हॅल्व्हरकडे थांब. पाठीचं कातडं संपलंय.”